ओहोळाकाठची हिरवी पट्टी

“पण पानाला पिवळं पडायला सांगतं कोण?” सोमगिरीबाबांनी पुन्हा विचारलं.

डॉ. विशाखा नाबर ओहोळाच्या काठावर उकिडव्या बसून काचेच्या नळीचं बूच घट्ट करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. सकाळपासून बाबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं, आणि आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी नीट उत्तर दिलं होतं.

“कुणी सांगत नाही, बाबा. वायू असतो.”

“म्हणजे वायू सांगतो?”

“हो. तसंच समजा.”

“आणि वायूला...?”

विशाखाबाईंनी नळी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. एवढं म्हातारं माणूस इतकं लहान मुलासारखं कसं विचारतं, याचं त्यांना नवल वाटत होतं. थोडा कंटाळाही आला होता.

त्या उन्हाळवाडीला आल्या होत्या त्या शेतासाठी. गोसाव्यांच्या मठामागे खडकातून गरम पाण्याचा झरा निघतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास वाडीच्या वेशीपासून येतो. कुंडातून बाहेर पडलेलं पाणी निवत निवत ओहोळाने खाली येतं आणि मठाच्या भातशेताला लागून वाहतं.

कार्तिक लागला होता. सगळं शेत सोन्यासारखं पिवळं झालं होतं. ओहोळाच्या कडेची दहाएक हात रुंद पट्टी मात्र श्रावणातल्यासारखी हिरवीगार उभी होती.

वाडीतले लोक म्हणायचे, मठ बांधणाऱ्या पहिल्या गोसाव्याचा तो आशीर्वाद आहे.

विशाखाबाईंना आशीर्वादाचं रासायनिक सूत्र ठाऊक होतं.

त्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पान म्हातारं कसं होतं, हा त्यांचा विषय. तेरा वर्षं त्या एकाच रोपामागे लागल्या होत्या, आणि शेवटी त्यांनी असं भात तयार केलं होतं ज्याचं पान कापणी आली तरी पिवळं पडत नव्हतं. वर्तमानपत्रांत फोटो आले. कुणी त्याला ‘चिरतरुण भात’ म्हटलं. हे बियाणं शेतकऱ्यांच्या शिवारात द्यायचं की नाही, ते ठरवायला आठ दिवसांनी एक समिती बसणार होती.

त्या समितीपुढे त्यांना एक गोष्ट ठेवायची होती. आम्ही प्रयोगशाळेत केलं ते निसर्ग एका मठाच्या शेतात शंभर वर्षं करतो आहे.

म्हणून त्या तीन दिवसांसाठी मठात उतरल्या होत्या.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा ओसरीवर पोत्यावर येऊन बसले. वय ब्याऐंशी. अंगावर भगवी पण विटलेली छाटी. बाजूच्या चौरंगावर, मठाच्या गादीवर, त्यांचा शिष्य निरंजनगिरी बसला होता. चाळिशीचा, धिप्पाड माणूस. वाडीतली माणसं येत होती ती त्याच्या पाया पडत होती, मग जाता जाता बाबांना हात जोडत होती.

विशाखाबाईंना ते पाहून कसंसंच झालं. म्हाताऱ्याला खाली बसवलंय, असं त्यांच्या मनात आलं.

बाबांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांचं लक्ष पेटीवर होतं.

“बाई, आता सावकाश सांगा. घाई नाही ना?”

मग त्यांनी सांगितलं. शिकवायची सवय होती आणि ऐकणारा इतका मन लावून ऐकत होता की त्यांनाही हुरूप आला. पान पिवळं पडतं तेव्हा ते नुसतं सुकत नसतं, असं त्या म्हणाल्या. पानात विकरं असतात, म्हणजे जोडायची आणि तोडायची कामं करणारे बारीक कामकरी. पान तरुण असतं तेव्हा जोडणारी विकरं जोरात असतात. वेळ आली की तोडणारी जागी होतात. ती हरितद्रव्य मोकळं करतात, प्रथिनं सोडवतात, घर उतरवताना वासा-वासा सुटा करावा तसं. त्यांना जागं करतो तो इथिलीन नावाचा वायू. पान तो स्वतःच तयार करतं. एका पानाने सोडला की शेजारचं पानही कामाला लागतं.

“त्याला वास असतो?”

“असतो. मंद, गोडसर.”

“आणि आमच्या ह्या कुंडातला?”

“तो वेगळा, हायड्रोजन सल्फाइड. गंमत म्हणजे तोही झाड स्वतः बनवतं, अगदी कणभर. तो त्या तोडणाऱ्या विकरांना जाऊन चिकटतो. इथिलीन बनवणाऱ्या विकरालाही चिकटतो. हात धरून ठेवावा तसं. मग पान हिरवं राहतं. तुमच्या ओहोळातून तो वर येतो आणि काठच्या भाताला मिळतो, म्हणून ती पट्टी. नायट्रिक ऑक्साइड म्हणून आणखी एक आहे, तोही कणभर असला तर असाच थोपवून धरतो.”

“आणि कणभराच्या वर गेला तर?”

“मग दोन्ही विषच.”

 बाबांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

“म्हणजे अत्तर लावून येतो तो म्हातारं करतो. आणि घाणेरड्या वासाचा तरुण ठेवतो.”

विशाखाबाईंनाही हसू आलं. इतकी वर्षं शिकवत होत्या, पण हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

“आमच्याकडे मात्र म्हातारं होणं म्हणत नाहीत, बाई. पान पिकलं म्हणतात.”

“एकच ते. शब्दाचा फरक.”

“हं...” बाबा म्हणाले. आणि पोत्यावर आडवे झाले.

संध्याकाळी विशाखाबाईंनी स्वतःच्या भाताविषयीही सांगितलं. हा घाणेरड्या वासाचा वायू बनवणारं विकर रोपातच असतं. ते त्यांनी वाढवलं होतं. कुंड नको, ओहोळ नको. पान आपलं आपल्यापुरतं तयार करून घेतं. पान जितके दिवस हिरवं तितके दिवस ऊन खाणार, आणि जितकं ऊन खाणार तितकं अन्न बनवणार, असा सरळ हिशोब होता.

बाबांनी मान डोलावली. हिशोब त्यांना पटलेला दिसला.

मग विशाखाबाईंना राहवलं नाही. गादीवर कोण बसतं हे मठाचं मठ बघेल, पण विचारायला काय हरकत, असं म्हणून त्यांनी विचारलंच. बाबांना खाली बसायला कधीपासून लागलं?

“लागलं नाही. पाच वर्षं झाली, मी उतरलो.”

“तब्येत?”

“तेव्हा ठणठणीत होतो. म्हणून तर उतरलो. ह्याला पोथी सांगायची होती, झाडपाल्याची औषधं सांगायची होती, कुंडाचं पाणी कोणत्या महिन्यात कसं फिरतं ते दाखवायचं होतं. डोळे आहेत, जीभ आहे, तोवरच ते होतं.”

विशाखाबाई सवयीने बोलून गेल्या, की पानाचंही तसंच असतं. पान जिवंत असतं तोवरच देऊ शकतं. पाला एका रात्रीत होरपळला, तर सगळा माल आतच अडकून राहतो. पिवळं पडणं हे जिवंत पानाचं काम आहे, मेलेल्याचं नाही.

“देतं कुणाला?” बाबांनी विचारलं.

“दाण्याला. भातात, गव्हात, दाण्यातली निम्म्याहून जास्त प्रथिनं पिवळ्या पडणाऱ्या पानातूनच...”

त्या थांबल्या.

बाबांनी वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली. ते झालं नाही. मग निरंजनगिरीने दिवा लावला आणि सगळे आरतीला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या शेतात कापणी सुरू झाली. विशाखाबाई विळा घेतलेल्या माणसांच्या पुढे पुढे चालत होत्या. हिरव्या पट्टीतली पानं आणि पिवळ्या शेतातली पानं वेगवेगळ्या पिशव्यांत घालत होत्या, वर पेन्सिलीने लिहीत होत्या. दहा वाजेपर्यंत पेटी भरली.

बाबा बांधावर बसून बघत होते.

“दाणा नाही घेतलात?”

“माझा विषय पान आहे, बाबा.”

हे त्या जरा ताठ्याने बोलल्या. स्वतःच्याच कानांना ते लागलं.

 बाबा काठी टेकत उठले. त्यांनी पिवळ्या शेतातली एक पेंढी उचलली, हिरव्या पट्टीतली एक उचलली, आणि दोन्ही बगलेत धरून खळ्याकडे चालू लागले. विशाखाबाई मागून गेल्या. जावंसं वाटत नव्हतं, पण गेल्या.

खळ्यावर त्यांनी पिवळी पेंढी दगडावर चार वेळा आपटली. दाणे सांडले ते सुपात भरले आणि सूप विशाखाबाईंच्या हातात दिलं.

“पाखडा.”

“मला येत नाही.”

“येईल.”

पहिल्यांदा निम्मे दाणे जमिनीवर गेले. मग मनगटाला लय सापडली. कोंडा, काड्या वाऱ्यावर निघून गेल्या आणि सुपात भात राहिलं. जड, टचटचीत, सळसळ आवाज करणारं. बाबांनी ते एका पत्रावळीवर ओतलं.

मग हिरवी पेंढी आपटली. ते दाणेही सुपात भरले. सूप पुन्हा विशाखाबाईंच्या हातात आलं.

त्यांनी पाखडायला सुरुवात केली. वारा तेवढाच होता, हातही तोच. पण ह्या वेळी कोंड्याबरोबर दाणेही उडत होते. पोचट दाणे, नुसती टरफलं. त्या हात हळू करत गेल्या. आणखी हळू. तरी उडत राहिले.

शेवटी सुपाच्या तळाशी जेवढे उरले, तेवढे त्यांनी मुठीत घेतले. मूठ भरली नाही.

बाबा पलीकडे बघत होते.

“हे तुम्हाला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

“वाडीत सगळ्यांनाच ठाऊक आहे.”

“मग काल का नाही सांगितलंत?”

“तुम्ही पानाचं विचारलंत...”

विशाखाबाई खळ्याच्या कडेला दगडावर बसल्या. बसून राहिल्या. ऊन चढलं, कापणारी माणसं न्याहारीला गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

मग त्यांनी जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली मीनल घाडी नावाची मुलगी संशोधन करत होती. चिरतरुण भाताचा दाणा तपासायचं काम तिच्याकडे होतं. दीड वर्षापूर्वी ती एक तक्ता घेऊन आली. पोचट दाणे जास्त. भरलेल्या दाण्यातही प्रथिनं, लोह, जस्त, सगळं नेहमीच्या भातापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. विशाखाबाईंनी तिला पुन्हा करायला लावलं. तिने केलं. आकडे तेच आले. मग त्या म्हणाल्या, पाऊस कमी झाला होता. पुढच्या हंगामात पाऊस चांगला झाला, तरी आकडे तेच. मग त्या म्हणाल्या, यंत्र बिघडलंय. मीनलने दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन तपासून आणलं.

शेवटी त्यांनी तिला सांगितलं, की तो तक्ता समितीच्या कागदांत घालायचा नाही. दाणा हा आपला विषय नाही.

मीनल ओरडली नाही, रडलीही नाही. ती एवढंच म्हणाली होती, “मॅडम, तक्ता चुकला असेल तर मी चुकले. पण बरोबर असला तर?”

त्या दिवसापासून दोघींचं कामापुरतंच बोलणं होतं.

हे सगळं सांगून झाल्यावर विशाखाबाईंनी डोळ्यांवरून पदर फिरवला आणि विचारलं, “तेरा वर्षं, बाबा. काय करू मी त्यांचं?”



बाबा उठले आणि झोडलेल्या दोन्ही पेंढ्यांचा पेंढा घेऊन गोठ्याकडे गेले. तिथे एक म्हातारी तांबडी गाय होती. तिच्यापुढे त्यांनी एका बाजूला पिवळा पेंढा टाकला, एका बाजूला हिरवा. गाईने पिवळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हिरव्यात तोंड घालून ती चरत राहिली.

विशाखाबाई दारात उभ्या होत्या.

आधी त्यांना त्यात काही दिसलं नाही. मग त्या पुढे झाल्या, गाईच्या तोंडाजवळची चार पानं ओढून घेतली, उन्हाकडे धरली, बोटांनी चुरून पाहिली, वास घेतला. अजून हिरवी. म्हणजे जे दाण्यात गेलं नव्हतं ते कुठेच गेलेलं नव्हतं. ते इथेच, गाईच्या चाऱ्यात होतं. वाशांसकट, भिंतींसकट.

“बाबा, ही दूध किती देते?”

“तिलाच विचारा,” बाबा म्हणाले. “मला पान कळत नाही, आणि गायही.”

पण ते हसत होते. आणि विशाखाबाईंना कित्येक महिन्यांनी, काय होतं ते बघूया, असं आतून वाटलं. त्यांनी पेटीतल्या अर्ध्या पिशव्या रिकाम्या केल्या. त्यांत पेंढा भरला आणि दाणे भरले, दोन्ही प्रकारचे. पोचटसुद्धा.

मठात फोनला रेंज नव्हती. दुपारी त्या मागच्या टेकाडावर चढल्या आणि त्यांनी मीनलला फोन लावला. तक्ता समितीच्या कागदांत घाल, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यात वर घाल, आणि खाली तुझं एकटीचं नाव लिही.



“मॅडम, मग समितीवाले ते भात शिवारात देणार नाहीत.”

“नको देऊ देत.”

समितीने दिलं नाही. ज्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले होते त्यांनी चार ओळीही छापल्या नाहीत. महाविद्यालयात काही जण समोर हळहळले आणि पाठीमागे हसले. एका जुन्या सहकाऱ्याने तर समजावूनही सांगितलं, की तक्ता परिशिष्टात टाकला असता तर कुणी वाचलाही नसता. विशाखाबाईंना ते वर्ष जड गेलं. त्यांचा मोठा प्रकल्प बंद झाला, खोली अर्धी दुसऱ्याला गेली.

उरलेल्या अर्ध्या खोलीत त्या आणि मीनल समोरासमोर बसत. एकीच्या टेबलावर पान, दुसरीच्या टेबलावर दाणा. पान कधी सोडायला लागतं आणि दाणा कधी धरायला लागतो, मधल्या देठात नेमकं काय होतं, हा प्रश्न आता दोघींचा होता. उत्तर मिळत नव्हतं. पण भांडत होत्या मोठमोठ्याने, आणि त्यात दोघींनाही बरं वाटत होतं.

पुढच्या कार्तिकात त्या उन्हाळवाडीला पुन्हा गेल्या. मीनल बरोबर होती.

बाबा अजून होते. दृष्टी बरीच मंदावली होती. विशाखाबाईंना त्यांनी आवाजावरून ओळखलं. निरंजनगिरीने दोघींना गूळपाणी दिलं आणि गाय चैत्रातच गेल्याचं सांगितलं. बाबांनी तिला बांधावरच्या हेदीच्या झाडाखाली पुरायला लावलं होतं. आता गोठा रिकामा होता.

मग सगळे शेतावर गेले. बाबा मीनलच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. वाटेत त्यांनी तिला दाण्याविषयी इतकं विचारलं की बांध येईपर्यंत तिचं अर्धं संशोधन सांगून झालं होतं.

शेत पिवळं झालं होतं. ओहोळाच्या कडेला हिरवी पट्टी होती, गेल्या वर्षी होती तेवढीच रुंद.

मीनलने ती पहिल्यांदाच पाहिली. खाली बसून तिने एक लोंबी हातात घेतली, दाणा दाबून पाहिला. तो तिच्या चिमटीत चपटा झाला.

“बाबा,” ती म्हणाली, “ह्यात दाणा भरत नाही. पेंढा खायला गाय नाही. मग ह्या वर्षी इथे लावणी केलीत कशाला?”

विशाखाबाईंना उत्तर येत होतं. निदान त्यांना तसं वाटलं.  पण बाबा काय म्हणतात ते त्यांना ऐकायचं होतं.

बाबा ओहोळाच्या आवाजाकडे तोंड करून उभे राहिले. वारा आला, पिवळं शेत सळसळलं, हिरवी पट्टी नुसती वाकली.

“न पिकणारं एक तरी डोळ्यांसमोर असू द्यावं, पोरी. पिकायची आठवण राहते.”